मोहाच्या झाडाखाली पडलेली पोर

बाई, तुम्ही डॉक्टर आणि मी तुमच्या दवाखान्यातली चौथी शिकलेली आया. अकरा वर्षं तुमच्या हाताखाली काढली, आणि पहिल्याच महिन्यात तुमची बोलणी खाल्ली. एका बेशुद्ध म्हाताऱ्याचे कपडे बदलताना मी नाकाला पदर लावला होता. तुम्ही तो सर्रकन खाली ओढलात. "नाक झाकून रोगी कळतो का गं? वाक, वास घे." मी म्हटलं, "मोहाची पेला असन." तुम्ही आणखीच चिडलात. "दारूनं श्वास मंदावतो. याचा बघ, धावत आल्यासारखा खोल चाललाय, आणि छाती साफ आहे." मग शेजारी बसवून सांगितलंत. साखर रक्तातच अडकून राहिली की शरीर चरबी जाळतं, रक्त आंबट होतं, आणि ते आंबट श्वासावाटे बाहेर टाकायची धडपड चालते. सडत आलेल्या फळासारखा तो गोड वास त्याचाच. हगवणीनंही रक्त आंबट होतं, श्वास असाच लागतो, पण हा वास नसतो. "जोराचा श्वास दिसला की आधी विचारायचं, बिघडलंय काय, छाती की रक्त?" मला एकदा सांगितलेलं पुरतं, हे तुम्हाला ठाऊक होतं.

तुम्ही वारलात, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. पोंभुर्ण्याकडची चौदा वर्षांची पोर जीपमधून आणतात. सकाळी मोहफुलं वेचता वेचता झाडाखालीच पडली. फ्रॉकला मोहाचा वास, तोंडालाही वास. बाप शरमेनं काळा पडलेला, "कोणं पाजली, सांग!" म्हणून तिच्या थोबाडीत देतो. नवे डॉक्टर, कालचं पोरगं, म्हणतात, "झोपू द्या, उतरेल." मी वाकते, वास घेते. पोरीची छाती भात्यासारखी चाललीय.

"सर, हे दारू नाई."

"आयाबाई, तुम्ही फरशी पुसा."

फरशी गेली खड्ड्यात. मी तिच्या आईला विचारलं, "पाणी किती पेते?"

"आठ दिवस झाले बाई, घागर पुरून नाई राह्यली. अन् लघवीले उठूउठू जाते."

भांडं लावून लघवी घेतली, तुम्ही शिकवलेल्या निळ्या औषधात टाकून काचेच्या नळीत उकळली. निळ्याचं विटकरी झालं, म्हणजे साखर. ती नळी नेऊन डॉक्टरच्या नाकासमोर धरली. एक खरं, पोरगं उगाच वाद घालणारं नव्हतं. धावलंच. सलाइन लावलं, इन्सुलिन दिलं, आणि मला सोबत बसवून पोरीला चंद्रपूरला धाडलं. चौथ्या दिवशी तिनं भात मागितला. बाप माझ्यासमोर रडत उभा, "मी तिले मारलं वो, बाई." मी म्हटलं, "रडून काय होते? सुई टोचायले शीक. रोज लागन तिले."

परत आल्यावर डॉक्टरांनी मला बसायला खुर्ची दिली. आयाला खुर्ची, बाई! सगळ्या नर्सांसमोर विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

तुमचं नाव ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "कोणी नाई. मलेच कळते."

तेव्हापासून हेच सांगत आले. नव्या पोरींना वाकायला लावते, वास घ्यायला लावते, आणि सगळं माझ्याच डोक्यातलं म्हणून सांगते. हा कागद घरात कोणाच्या हाती लागू देणार नाही. वाचतील ना.