कॅमेरा आणि बाबांचा डावा डोळा

गुरुवार, संध्याकाळ

बाबांना कॅमेरा दाखवायला कोठीच्या बाजारातल्या एका दुकानात नेलं होतं. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. त्यांनी तिथला एक मिररलेस कॅमेरा उचलला आणि डाव्या डोळ्याला लावला. जन्मभर उजव्याने फोटो काढलेला माणूस! उजवा गेलाय हे माहीत होतं, तरी ते बघवेना.

मग त्यांनी कॅमेरा माझ्याकडे वळवला. आतल्या छोट्या पडद्यावर सगळं उजळ आणि मोठं दिसतं म्हणे. बराच वेळ बघत राहिले.

"अगं, किती वाळलीस तू! केस कधी पिकले?"

म्हणजे इतके दिवस माझा चेहरा त्यांना दिसतच नव्हता? आणि मी वेडी समोर बसून हसत होते.

दुकानदार म्हणाला, "नया मॉडल आरा साब, थोडा ठैर जाओ." बाबा लगेच खूश. "थांबू या गं, घाई काय आहे?"

मी मान डोलावली. डावाही फार दिवस साथ देणार नाही, हे डॉक्टरांनी काल मला एकटीलाच सांगितलंय. त्यांना कसं सांगू? कुठल्या तोंडाने?

नाही, थांबायचं नाही. उद्या जाऊन हाच आणते. फोटो नाही काढले तरी चालेल. त्या डाव्या डोळ्याने नुसतं माझ्याकडे बघू देत.