मऊ थप्पड

१० फेब्रुवारी, मंगळवार

माझ्या चपला!

आज स्टुडिओत मालिकेचा पुढचा भाग आला, आवाज लावायला. पडद्यावर हिरो हिरॉइनच्या चपला उचलतो, कपाटात टाकतो, कुलूप लावतो, किल्ली खिशात. "आता जा कुठे जायचं ते." ती अनवाणीच निघते. दारात पोचते तोच कानाखाली एक. मी पावलांचे आवाज काढायला हातात बूट घेऊन बसले होते, तो सुटला. रेकॉर्डिस्टला वाटलं मी आवाजच दिला — म्हणाला, जरा आधी पडला, परत घेऊ.

हे माझं आहे. चपला, कपाट, किल्ली, ते वाक्यसुद्धा जसंच्या तसं! चार वर्षांपूर्वी नवऱ्याने हेच केलं होतं आणि मी अनवाणी बाहेर पडले ती परत गेले नाही. वकिलालासुद्धा चपलांचं सांगितलं नाही. माराचं सांगता येतं एक वेळ, पण बाईच्या चपला कुलपात ठेवतात हे सांगायची लाज वाटते. जगात एकाच माणसाला सांगितलं. ताईला.

आणि ही मालिका लिहितं कोण? ताई!

माझ्या वेळी सगळं दारातच संपलं. मालिकेत मात्र पुढे तो तिचे पाय धुतो. मागे व्हायोलिन. दिग्दर्शक जाता जाता म्हणाले, थप्पड मऊ ठेवा हं, प्रेमातली आहे.

११ फेब्रुवारी

ताईचे तीन फोन. उचलले नाहीत. काय बोलणार? अभिनंदन?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आमच्या कामातली एक गोष्ट लिहिते, कधी कुणाला सांगितलेली नाही.

शूटिंगच्या वेळी कुणी कुणाला मारत नाही. हात गालाशेजारून जातो, आवाज मागाहून मी देते. खलनायकाची थप्पड असली की जाड चामड्याच्या पिशवीवर फटका, वर लाकडाचा एक ठोका. हिरोची असली की ओलं फडकं माझ्याच मनगटावर, आणि त्याच्या मागोमाग बांगड्या. बांगड्या किणकिणल्या की कान तिकडे जातो. बघणाऱ्याला मार ऐकूच येत नाही, ती किती नाजूक आहे तेवढं ऐकू येतं.

हे मला कुणी शिकवलं नाही. मीच शोधून काढलं! नोकरी लागून महिनाही झाला नव्हता. दिग्दर्शक खूश होऊन म्हणाले, वा, आता तो राक्षस वाटत नाही. तेव्हापासून तो नियमच झाला.

तीन वर्षांत किती थपडा मऊ केल्या असतील मी? मारणाऱ्याचा हिरो लेखक करतो, नट करतो, तसा थोडा मीही करते. ताईवर चिडायला बसलं की हे मधेच आठवतं. मग आणखी चीड येते. माझी कमी, तिचीच जास्त.

१४ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळी आईकडे. त्या भागाची जाहिरात आतापासूनच दर दहा मिनिटांनी लागत होती. पाय धुण्याचा तुकडाच दाखवतात, थप्पड नाही. आईने पदर डोळ्यांना लावला. "किती जीव आहे बघ त्याचा तिच्यावर."

मी म्हटलं, आई, त्याने आधी तिला मारलंय.

म्हणे, रागात माणूस करतो काहीतरी, नंतरचं बघावं. माझ्या नवऱ्याबद्दलही हेच म्हणायची — तापट आहे, पण मनाचा चांगला. मनाचा! माझ्या वाट्याला त्याचा हात आला, मन कधी आलंच नाही. असल्या गोष्टी आईला मालिकेने शिकवल्या की आईसारख्यांना बघून मालिका लिहितात, हे मला खरंच कळत नाही. कोंबडी आधी की अंडं आधी. पण दोन्ही खुराडी एकाच मालकाची, एवढं नक्की.

आईला सांगितलं नाही की ती रडते आहे ते माझ्याच गोष्टीवर. सांगून काय, पुन्हा नंतरचं बघ म्हणाली असती.

१६ फेब्रुवारी, सोमवार

गेले शेवटी ताईकडे.

दार भाऊजींनी उघडलं. नेहमीसारखे हसतमुख. या मेहुणीबाई, आज वाट वाकडी केलीत, वगैरे. त्यांच्यावर कधी रागावताच येत नाही मला. मी अनवाणी निघाले त्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून ताईला फोन केला तर गाडी घेऊन आले ते भाऊजी. काही विचारलं नाही. स्वतःचे बूट काढून मला घालायला दिले आणि अनवाणी गाडी चालवली. असा नवरा ताईच्या नशिबात, आणि माझ्या नशिबात तो! मी ताईला हे कितीदा म्हटलंय. ती नुसती हसते.

स्वयंपाकघरात ताईला गाठलं. ती चाकूने काहीतरी चिरत होती, चिरतच राहिली. मी म्हटलं, केसाने गळा कापलास तू माझा. विश्वासाने सांगितलेलं तू पाच लाख लोकांपुढे मांडलंस, ते एक वेळ सोडून देईन. पण त्याला हिरो केलंस? त्याच्या हातात पाण्याचा टब दिलास?

ती हळूच म्हणाली, "जगात काय तुझ्या एकटीच्याच चपला लपवल्यात कुणी?"

म्हणजे आता मी सामान्य! असल्या पन्नास असतात, तू कोण मोठी! तोंडात मारल्यासारखं झालं मला.

मग म्हणाली, मालिकेत शेवटी तो सुधारतो. लोकांना माणूस सुधारलेला बघायचा असतो, नाहीतर रोज साडेआठला दिवा लावून टीव्हीपुढे कशाला बसतील? मी विचारलं, आणि तुझं बघून एखादी बाई सुधारण्याची वाट बघत बसली तर? वीस वर्षं बसली तर? ताईने चाकू ठेवला. काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात भाऊजी डोकावले — काय कुजबुज चाललीय दोघींची? ताईने लगेच गॅसच्या सिलिंडरचं काढलं. कधी येणार, नंबर लावला का. इतकी पटकन की मला हसू आलं. नवऱ्यासमोर स्वतःची लबाडी उघडी पडू नये म्हणून केवढी धडपड!

चहा न घेता निघाले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

तो प्रसंग आज ध्वनिमुद्रित केला. ओलं फडकं बाजूला ठेवलं, बांगड्या पेटीतच ठेवल्या. उघड्या हाताने उघड्या दंडावर एकदा. बस. खरी थप्पड फार लहान असते. कोरडी, आणि लगेच संपते. नंतर काहीच ऐकू येत नाही, फ्रिज चालू असला तर तेवढा फ्रिज. म्हणून मी मागे फ्रिजची घरघर ठेवली, सात सेकंद.

रेकॉर्डिस्टने कानावरचा हेडफोन काढला. चांगला माणूस आहे, दोन मुलींचा बाप. म्हणाला, "थप्पड अशी नसते हो."

मी म्हटलं, अशीच असते.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि फाइल जमा केली.

२० फेब्रुवारी

दिग्दर्शकांचा निरोप — आवाज फार रुक्ष, बघवत नाही. बघवत नाही म्हणे! मग दाखवता कशाला?

परत करायला मी नकार दिला. 

२३ फेब्रुवारी, सोमवार

लागला आज तो भाग. घरी एकटीच बघत बसले.

माझी गरजच पडली नाही त्यांना. जुन्या साठ्यातून थप्पड काढली. तेच ओलं फडकं, त्याच बांगड्या, त्यातली एक पिचलेली बांगडी जरा वेगळी वाजते तीसुद्धा. माझ्याच मनगटावरचा आवाज माझ्याच प्रसंगाला चिकटवून दिला! कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, इथे शेत आणि कुंपण दोन्ही मीच.

पण आज लिहायला बसवलं ते वेगळ्याच गोष्टीने. स्टुडिओत पाय धुण्याचा भाग मी नीट बघितलाच नव्हता, पाण्याचे आवाज तेवढे दिले होते. आज बघितला. तिच्या टाचेत काच गेलेली. लाल टब, त्याची एक कड जळलेली. तो पाण्यात मूठभर मीठ टाकतो, तिला झोंबतं, तर फुंकर घालतो आणि म्हणतो, "बघ, तुझ्यामुळे मला काय काय करावं लागतं." चिमट्याने काच काढतो आणि ती काच बशीत ठेवून तिला मोजायला लावतो. चार तुकडे.

ताईचं लिखाण मी पंधरा वर्षं वाचते आहे. तिचा हिरो चुकला की फुलं आणतो, फार तर पावसात उभा राहतो. कड जळलेला टब तिला सुचत नाही. खोटे आवाज बनवण्यावर पोट आहे माझं, खरा आणि बनवलेला मला लगेच कळतो. हे रचलेलं नाही. कुणीतरी हिला सांगितलेलं आहे.

कोणी? मी तर नाही. माझे पाय कुणी धुतले नाहीत.

मग उरतो तोच, माझा पूर्वीचा नवरा. दुसरी बायको केलीय म्हणे त्याने, तिच्याशीही तसाच वागत असेल आणि वर कौतुकाने सांगत असेल. ताई त्याला भेटते! माझ्या मागे, माझ्या नवऱ्याला! त्याच्याकडून त्याची बाजू ऐकून घेऊन ती लिहिते!

ऑफिसच्या ग्रुपवर अठ्ठावीस लाल बदामांचे मेसेज. हिशेबनीस बाई लिहितात, असा पाय धुणारा मिळायला भाग्य लागतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

फोन केला. सरळ विचारलं, त्याला भेटलीस का?

 मागे भाऊजींचा आवाज, कुणाचा फोन आहे? मग ताई म्हणाली, "तुला जे वाटतं ते वाटू दे, चिमे." आणि ठेवला.

नाकारलंसुद्धा नाही. लहानपणी शाळेत माझ्यासाठी मारामारी करणारी ताई. घटस्फोटानंतर सहा महिने मला आपल्या घरात ठेवणारी, ही नोकरी लावून देणारी ताई. तिच्या घरातल्या त्या खोलीत रडत मी तिला एकेक सांगायचे आणि ती ऐकत बसायची. ऐकत होती की टिपून घेत होती?

आता मला बहीण नाही.  नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी जेवणाच्या सुट्टीत भाऊजींचा फोन. दोघी बोलत नाही, काय झालंय, ताई जेवत नाही नीट. इतक्या मायेने विचारलं की माझा बांध फुटला. जिन्यात बसून सगळं सांगितलं. माझ्या चपलांचं, आणि ताई त्याला भेटत असणार तेही. ते मधेच म्हणाले, अगं, तिच्या मनचं असेल, लेखिका आहे ती. मी म्हटलं, नाही भाऊजी, माझा कान चुकत नाही. तो टब, ते मीठ, बशीतले चार तुकडे मोजायला लावणं — हे कुठल्या तरी घरात घडलेलं आहे. शब्दन् शब्द खरा आहे.

 त्यांनी विचारलं, "हे आणखी कुणाला बोललीस का?"

नाही म्हटलं. म्हणाले, बरं केलंस, मी बोलतो तिच्याशी.

कुणीतरी आहे माझ्या बाजूने. चार दिवसांत आज पहिल्यांदा नीट जेवले.

२ मार्च, सोमवार

ताई माझ्याकडे आहे. काल दुपारी टॅक्सीतून आली. डावा हात मोडला आहे, प्लास्टर घातलं. औषधाने आता झोप लागली आहे.

चपला माझ्या, टब तिचा. अकरा वर्षांपूर्वीचा. म्हणाली, तुझा माणूस आणि माझा माणूस एकत्र करून एक चांगला माणूस होतो का, ते लिहून बघत होते.

भाऊजींनी तो भाग तिच्या शेजारी बसून पाहिला होता. फार आवडला होता त्यांना, हिरो झकास लिहिलायस म्हणाले होते. तो कोण आहे हे त्यांना कळलंच नव्हतं.

शुक्रवारी जिन्यात बसून मी कळवलं.