इंदिराबाईंचा लाडका खुनी

चामराजपुरम, म्हैसूर
दसऱ्यानंतरचा गुरुवार

तीर्थरूप गुरुरावदादांच्या चरणी गंगाधररावाचा दंडवत. (तुम्ही माझे मेहुणे, पण तुमची बहीण दादा म्हणते म्हणून लग्नापासून मीही दादाच म्हणत आलो. आता बदलणं व्हायचं नाही.) तुमच्या गुडघ्याला ते नवं तेल मानवलं का? वहिनींचा खोकला कसा आहे? इकडे सगळे खुशाल. तुमची बहीण तर इतकी खुशाल आहे, की मला बघवत नाही.

म्हणजे मत्सर वगैरे काही नाही. या वयात कसला मत्सर? झालंय असं, की आमच्या माडीवर पुण्याहून आलेलं एक जोडपं भाड्यानं राहतं, उदय आणि कांचन. दोघं कंपनीत कामाला, आणि मराठी असं बोलतात की रेडिओवरच्या बातम्याच ऐकाव्यात. त्यांच्या भिंतीएवढ्या टीव्हीवर सध्या एक मालिका चालू आहे. जुन्या काळातली, बोटीनं परदेशी जायच्या दिवसांतली. कुठल्याशा परक्या बंदरात एक देखणा माणूस खाणावळ चालवतो. दूरदेशीचे प्रवासी उतरले की त्यांना हसून घरात घेतो, त्यांचं सामान उचलतो, कॉफी पाजतो आणि त्याच कॉफीतून विष देऊन त्यांना मारतो. मग ट्रंका, घड्याळं, अंगठ्या, सगळं गिळंकृत. असा हा नीच मनुष्य. आणि तुमची बहीण रोज देवापुढं दिवा लावला की त्याला भेटायला वर जाते. (भेटायला हा तिचा शब्द, माझा नाही.)

खाली येते ती त्याचे गोडवे गातच. किती अदबीनं बोलतो, आलेल्या बाईला आधी खुर्ची देतो, जेवलात का, थकलात का म्हणून विचारतो. मी म्हटलं, अगं, मारायचं असतं म्हणून विचारतो. तर म्हणाली, तुम्हाला मारायचंही नाही आणि विचारायचंही नाही. दादा, लष्कर मोहल्ल्यात अस्तराच्या कापडाचं दुकान चालवून मी उभा जन्म संसार ओढला, आणि शेवटी माझ्यापेक्षा खुनी बरा. मी सुम्ने (उगीचच हो) त्याच्या कोटातही खोट काढून बघितली. आपलं रंगाऱ्यांचं घराणं, त्या काळी कापडाला असला निळा चढतच नसे, असं ठोकून दिलं. ती म्हणाली, कोट कोण बघतंय.

मग एकदा मीही करून बघितलं. मुलीच्या लग्नातला कोट चढवला (बटण लागेना, म्हणून ताट पोटाशी धरलं), केसांना तेल चोपडलं, आणि फिल्टरची कॉफी घेऊन हिच्यापुढं अदबीनं उभा राहिलो. संसारात पहिल्यांदाच मी केलेली कॉफी. तिनं वास घेतला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि पेला नेऊन तुळशीत ओतला. तुळस अजून टवटवीत आहे, हे दुसऱ्या दिवशी तिनंच मला आश्चर्यानं सांगितलं.

खरी फजिती पुढंच आहे. परवा कांचन जिन्यावरून वाकून म्हणाली, काका, वर या ना, तुमचं अनुमान जबरदस्त असतं असं काकू सांगत होत्या. आता तुम्हीआम्ही इकडची माणसं. कन्नडमुळं आपल्या तोंडी अनुमान म्हणजे संशय. आमच्या ह्यांना अनुमान फार, असं हिनं वर बोलून ठेवलेलं. पण पुण्यात अनुमान म्हणजे तर्क, हे मला कोण सांगणार? त्या पोरीला वाटलं, काका मोठे तर्कबाज, पुढचा बळी कोण ते बरोबर ओळखतील. मला वाटलं, हिनं आमच्या घरची लक्तरं वेशीवर नाही तर थेट माडीवर टांगली.

तसाच तणतणत वर गेलो. टीव्ही मध्येच थांबवलेला, पडद्यावर तो मेला हातात किटली धरून हसत उभा. उदयनं मोठ्या आदरानं विचारलं, काका, तुमचं अनुमान काय? मी म्हटलं, आहे, माझं अनुमान आहे, लपवत नाही. बायकोवर नाही, ती देवमाणूस. ह्या किटलीवाल्यावर आहे. हलकट मेला, माणसं मारतो आणि तरी ही त्याची वाट बघते, माझी वाट कधी अशी बघितली नाही. उदय रिमोट शोधू लागला, तो त्याच्या हातातच होता. कांचनला एकदम शब्दाचा घोळ उमगला आणि ती ओढणी तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. तुमची बहीण मात्र हसली नाही. उठली आणि माझ्या पाठोपाठ खाली आली, मालिका अर्धी टाकून.

खाली आल्यावर मी विचारलं, त्याच्यात आहे तरी काय एवढं? तर म्हणाली, त्याच्यात काय असायचंय हो, मी त्या बायकांकडं बघते. डोक्याला रुमाल बांधून बोटीतून उतरतात, परका गाव, ओळखीचं कुणी नाही. पुढं मरतात बिचाऱ्या, पण उतरताना किती खुश असतात. एवढं बोलून ती तांदूळ निवडायला बसली. म्हणजे दादा, इतके दिवस मी चुकीच्या माणसावर जळत होतो. जळायचं तर त्या मेलेल्या बायकांवर. ह्या सगळ्या भानगडीत माझं जेवणावरचं लक्ष उडालंय.

बाकी ठीक. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
गंगाधरराव

ता. क. : पत्राचं कारण लिहायचं राहिलंच. तुमच्या अटाळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत हिचा शाळेचा दाखला असणार. पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा लागतो म्हणे. दुकानाच्या पत्त्यावर कुरिअर करा, हिला अजिबात कळता कामा नये. सिंगापूरला बंदर आहे असं उदय म्हणतो. बायकांची सहल जाते, तिच्याबरोबर हिला पाठवीन.

ता. क. दुसरा : मी जाणार नाही. मला विमानाची भीती वाटते असं मुळीच नाही. दुकान कोण बघणार?

दादा, पाकीट डकवायला ह्यांनी माझ्याचकडं दिलं, म्हणून वाचलं. पेटी उचकू नको, गुडघा दुखेल. दाखला मी गौरीच्या सणालाच वहिनीकडून आणलाय, आणि माझा पासपोर्ट येऊन साड्यांच्या खाली पडलाय. सहलीचं कांचननं कधीच विचारलं होतं. ह्यांच्याशिवाय जायला पाय निघेना, म्हणून गप्प राहिले. आता तू एवढंच कर. दाखला सापडायला वेळ लागेल, तोवर तुमचाही पासपोर्ट काढा म्हणून ह्यांना कळव, आणि बायकांच्या सहलीत नको, दोघांनी मिळूनच जा असं मोठेपणानं बजावून लिही, तुझं ऐकतील. विमानात मी हात धरून बसेन. हे वाक्य मात्र तुझ्या पत्रात घालू नको.

इंदिरा