दादाच्या खोलीचं दार

३ मार्च

दादाला मशीन आता दिवसाही. रात्री होतंच. तोंडानाकावर मास्क, आणि मशीन हवा आत ढकलत राहतं. मास्क असला की बोलता येत नाही, जेवायला काढला की चार घासांत धाप. आई म्हणते, "घरी आहे हेच खूप."

मी हे सगळं आईकडून ऐकून लिहितेय. मला त्याच्या खोलीत जायला बंदी. आजार दोघांचा एकच, जन्मापासूनचा. पण त्याच्या फुप्फुसात जो जंतू ठाण मांडून बसलाय तो माझ्यात नाही. आई-बाबांसारख्या धडधाकट माणसांना तो काही करत नाही. "तुला लागण झाली तर तुझीही तीच गत," डॉक्टरबाईंनी बजावलंय. म्हणून एका घरात राहून भिंतीआडून मेसेज.

६ मार्च

मेसेज केला, दारातून तरी बघू दे. उत्तर आलं — "तिकीट लावलंय. तुला परवडायचं नाही, चिंगे." मेला, थट्टा काही सोडत नाही.

मेला! काय लिहून बसले मी.

१० मार्च

आई औषधं आणायला गेलेली, बाबा कामावर. मशीनचा अलार्म वाजायला लागला. थांबेना. हाका मारल्या, पण उत्तर कुठून येणार? गेले आत. तोंडाला रुमालसुद्धा बांधला नाही. नळी निसटून खाली पडली होती. ओठ निळे, हात नुसते चाचपडतायत. नळी बसवली. हवा सुरू झाली तसा खोकत सुटला.

किती वाळलाय दादा. हात धरायला गेले तर दाराकडे बोट दाखवलं. इतकं चिडलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

११ मार्च

दादाचा मेसेज नाही. आई मात्र बोलली. "अक्कल गहाण टाकली होतीस? एक जातोय, आता दुसरी—"

बाबा जेवताना म्हणाले, "तिच्या जागी मीही गेलो असतो."

२ एप्रिल

माझा बेडका तपासायला दिला. तेव्हा कुठे दादाचा मेसेज — "काही निघणार नाही."

तो आता नुसतं पाणी घेतो. आई म्हणते, फार दिवस नाहीत. खरं सांगायचं तर मला रिपोर्टची भीती नाही वाटत. मला न भेटताच तो जाईल, याची वाटते.

६ एप्रिल

जंतू निघाला. त्याचाच.

आई भिंतीला टेकून खाली बसली. मी उशी-पांघरूण उचललं आणि दादाच्या खोलीत गेले. कोणी अडवलं नाही.