वाचून दाखवला

दादा,

तुझं अक्षर मी लांबूनही ओळखते. आज वकीलबाईंनी तुझ्या पोलीस ठाण्यातल्या जबाबाचा कागद पुढे केला, त्यात शेवटी तू नेहमीचंच लिहिलंयस : ‘जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ खाली त्या शिवणकाम करणाऱ्या बाईचा अंगठा.

अरे, ती जन्मापासून बहिरी आहे! काय वाचून दाखवलंस तिला?

चोरी कबूल केली म्हणे. मी खुणांनी विचारलं तर म्हणाली, ‘साहेबांचे ओठ हलत होते, मी मान हलवत होते.’

आईशी आपण दोघंही हातांनीच बोलत मोठे झालो. तुझे हात खिशात होते का त्या दिवशी?

उद्या तू साक्षीला, मी दुभाषी. आपलं नातं मी न्यायाधीशांना सांगितलंय. इथे खुणा जाणणारं दुसरं कुणी नाही, म्हणून त्यांनी मलाच ठेवलं. साक्षीआधी तुला काही कळवणं बरं नव्हे, तेव्हा हे पत्र माझ्या पर्समध्येच राहील.

तू जे बोलशील ते मी तिला जसंच्या तसं सांगणार. आईच्या भाषेत माझ्याकडून खोटं वदवून घेऊ नकोस.

तुझीच,
धाकटी