अकराव्या महिन्याचं सामान

१२ नोव्हेंबर, बुधवार
३०ला भाडेकराराचे अकरा महिने भरतात. म्हणजे घरमालक अण्णांचा नेहमीचा तमाशा. सगळं सामान अंगणात, दिवसभर खोल्यांना मालकांचं कुलूप, संध्याकाळी नवा करारनामा, नारळ, पुन्हा आत. भाडेकरू कायमचा चिकटू नये म्हणून कुण्या वकिलाने सांगितलेला तोडगा. अख्ख्या कोल्हारात दुसरं कुणी असलं करत नाही. आठ वर्षं मुकाट्याने केलं, कारण माणूस चांगला.
यंदा अण्णा अंथरुणावर. व्यवहार पुण्याहून परतलेल्या मुलाकडे. त्याचं अख्खं नाव लिहायची इच्छा नाही, म. पुरे. नळ गळतो का बघायला आला आणि घरभर फोटो काढत सुटला.

१७ नोव्हें., सोम.
स्टाफरूममध्ये शिंदेबाईंनी मोबाईल पुढे केला. "हे तुमचं स्वयंपाकघर ना हो?"
आमचंच. आमची मांडणी, आईची गोधडी, माझ्या तपासायच्या वह्यांचा गठ्ठासुद्धा. वर लिहिलंय: शिर्डीच्या वाटेवर घरगुती मुक्काम, सर्व सोयींसह, १ डिसेंबरपासून.
म्हणजे यंदा कुलूप संध्याकाळी उघडणारच नव्हतं. तिसऱ्या तासाला पोरांवर उगाच ओरडले.
आईला सांगितलं. जामखेडची ती. "माज्या गोधडीत पावनं निजवनार व्हय? मी न्हाई हलायची."

१८, मंगळ.
म.ला गाठलं. "करार संपतोय, मॅडम. रोजाने दिलं की परवडतं."
"आणि गोधडी?"
"ती फोटोपुरती." हसलासुद्धा नाही मेला.
कागद त्याच्या बाजूने आहे, कळतं मला. आधी तोंडावर सांगितलं असतं तर शिव्या देत का होईना, घर शोधलं असतं. आईच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, शाळेजवळ तळमजला दुसरा नाही. पण फसवून बाहेर काढणार? बघतेच.

२३, रवि.
कहर! दुपारी दारात बॅगा घेऊन नागपूरचं कुटुंब. म.ने तारखांचा घोळ घातलेला. "आमचं बुकिंग आहे," म्हणाले, फोटो दाखवला. मी भांडणाच्या तयारीत, तर आईने त्यांना आत घेऊन पाटावर बसवलं. पिठलं-भाकरी वाढली. त्यांच्यातल्या बाई हळूच, "गोधडी हीच ना?"
"हीच. पन ऱ्हातो आमी. जेवा, मंग जा."
बिचाऱ्या इतक्या ओशाळल्या की भांडी घासायला निघाल्या. जाताना नवऱ्याने म.ला अंगणात उभं करून धुतला. अण्णांच्या खिडकीखालीच.

२५, मंगळ.
अण्णांनी बोलावलं. "मला ठाऊक नव्हतं, बाई. एक दिवस सामान काढा. संध्याकाळी चावी मी देतो, माझा शब्द."
शब्द खरा असेल. पण चाव्या आता त्यांच्या उशाशी नसतात, म.च्या खिशात असतात. म्हटलं, "अण्णा, आठ वर्षं तुमच्या शब्दावर अंगणात बसलो. यंदा नाही." त्यांचे डोळे भरले. वाईट वाटलं, फार वाटलं. तरी शब्द मागे घेतला नाही.

३०, रवि. सकाळी
अंगणात टेम्पो. नवे पलंग, गाद्या. आम्ही एक चमचाही हलवलेला नाही. आई उंबऱ्यात शेंगा सोलत बसली आहे, मी तिच्या शेजारी ही वही घेऊन. म. दोनदा म्हणाला, "आजी, बाजूला व्हा." ती म्हणाली, "दान्याचं कूट करायचंय, थांब."
नवा करारनामा मीच लिहून ठेवलाय. अट एकच: घर हवं असेल तर तीन महिने आधी तोंडावर सांगायचं. सामान बाहेर काढायचं नाही. माझी सही झाली. दुसऱ्या सहीची जागा कोरी.
म. आता टेम्पोवाल्याला पलंग उतरवायला सांगतोय. तिकडे अण्णांची काठी वाजली. महिन्याभरात पहिल्यांदाच उठलेत. इकडेच येतायत. पोराला आवरायला की मला, देव जाणे. दोघांनाही बसायला जागा आहे. उठणार मात्र मी नाही.