रांजणातली नळी

९ मे
आज सासरी आले. लाँचमधून उतरताना चप्पल राजांग नदीच्या चिखलात रुतली. ती काढायला माझा नवरा उंगात वाकला आणि धक्क्यावरच्या बायका खिदळल्या, बघा, आत्तापासूनच बायकोच्या पायाशी! त्याच्या आईला सगळे इंदाईच म्हणतात. ती म्हणाली, शहरातली पोर केलीस खरी, तिला तुआक जमते का? मी म्हटलं, प्यायला जमते. त्यावर तीच सगळ्यांत मोठ्याने हसली. चुलीमागच्या रांजणात ही तांदळाची दारू आंबतेय. गवाई सणाआधी ती बाटल्यांत भरायचं काम माझं.

१२ मे
उंगात लाकूडतोडीच्या छावणीवर परतला. सणाला येईल. मी बाजारात गेले. दुकानदार लिमकाकांनी सगळंच पुढ्यात मांडलं. तोटीची बादली छान होती, पण रांजणातून तिच्यात ओतायचं म्हणजे तळाचा गाळ ढवळणार आणि हवा लागून दारू आंबट होणार. रांजणालाच भोक पाडून तोटी बसवली तर इंदाई मला घराबाहेर काढेल. तो तिच्या आजीचा आहे. शेवटी पारदर्शक नळी घेतली, ओढायला रबरी फुग्याचा पंप, आणि झडपेची एक काडी. बाटलीच्या बुडाला टेकवली की धार सुरू, उचलली की बंद. काय मजेची वस्तू!

पंप बघून इंदाईने मान डोलावली. उंगात नळी तोंडानेच ओढतो, तिला ते खपत नाही. म्हणे, पलीकडून कोण ओढेल सांगता येत नाही. मला हसू आलं.

१९ मे
छावणीहून येणारी होडी खडकावर आपटून उलटली. बाकीच्यांची प्रेतं मिळाली. उंगातचं नाही. इंदाई धक्क्यावर बसून आहे, मी तिच्या शेजारी. ती मला म्हणाली, पोरी, दोन घास खाऊन घे. एवढं बोलली आणि तिचा बांध फुटला.

२२ मे
माणसं भेटायला येताहेत. त्यांच्यासाठी बाटल्या भरायला बसले. पंपाचा फुगा फाटला. नळी तोंडाला लावली.

पलीकडे कुणीतरी श्वास घेतला.

मी उंगात म्हणून हाक मारली. नळीतून उसासा आला, गार, त्याच्या लवंगी सिगारेटच्या वासाचा.

२३ मे
त्याला पाण्यात श्वास पुरत नाही. मी फुंकते, तो घेतो. थांबले की कण्हतो. घराची शिडी चढताना दोनदा खाली बसले. ओठ निळे पडलेत. पडू देत. माझ्याकडे आहे, त्याच्याकडे नाही—

२५ मे
इंदाईने पाहिलं. नळी हिसकावली, माझ्या थोबाडीत दिली. ओरडली, मी नऊ महिने पोटात वाढवलाय, हा माझा नव्हे! मी म्हटलं, तो तुला बोलावतोय. आई म्हणतोय.

नळी तिच्याच हातात राहिली.

२६ मे
अंघोळ करून आले तर ती रांजणाला मिठी मारून— नळी दातांत घट्ट. अंग थंडगार. मी कशाला बोलले— कशाला—

२७ मे
इंदाईला पुरलं. आता पलीकडे दोघांचे श्वास. दोघांना पुरवायचं— हात चालत नाही—

२८ मे
शेजारीण धावत आली. उंगात जिवंत आहे. खालच्या गावातल्या कोळ्यांनी काढला होता. तापात नाव सांगता येत नव्हतं— लाँच धक्क्याला लागलीय—

मग हे कोण—

धक्क्यावरून त्याचाच आवाज. खरा. आधी आईला हाक मारली. परत मारली. आता मला—

ओ द्यायचीय. छातीत काही उरलं—